सर्व्हर बंद पडला, हे दुसऱ्या संगणकाला कळते कसे?

रेशन दुकानात अंगठा लावायच्या यंत्रावर चकती गोल फिरत राहते, मागची रांग वाढत जाते आणि शेवटी दुकानदार सांगतो, "सर्व्हर डाउन आहे." हे वाक्य ऐकणारा बहुतेक जण असे धरून चालतो, की कुठेतरी एक मोठा संगणक आहे, तो बंद पडला आहे आणि तो बंद पडल्याचे कोणीतरी पाहिले आहे. प्रत्यक्षात मोठी सेवा शेकडो, कधी हजारो संगणकांवर विभागलेली असते आणि त्यांतला एखादा बंद पडल्याचे 'पाहणे' दुसऱ्या संगणकाला शक्यच नसते. त्याला कळते ते एवढेच, की पलीकडून उत्तर आलेले नाही.

उत्तर न येण्याची कारणे मात्र अनेक असतात. पलीकडच्या यंत्राची वीज गेली असेल, मधली केबल तुटली असेल, ते यंत्र कामाच्या ओझ्याखाली रेंगाळले असेल किंवा उत्तर निघाले असून अजून वाटेतच असेल. अलीकडून पाहता या चारही परिस्थिती हुबेहूब सारख्या दिसतात. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी १९८५ साली गणिताने सिद्ध केले, की निरोपाला किती उशीर होऊ शकतो याला मर्यादाच नसेल आणि एक जरी संगणक बंद पडण्याची शक्यता असेल, तर उरलेल्यांचे एखाद्या निर्णयावर एकमत होईलच अशी हमी देणारी, नाणेफेकीसारख्या यदृच्छेचा आधार न घेणारी कोणतीही पद्धत असू शकत नाही. म्हणून 'शंभर टक्के अखंड सेवा' अशी जाहिरात दिसली, की वाचकांनी तिच्यावर विश्वास ठेवू नये. ९९.९९९ टक्के उपलब्धता हे अत्यंत कठीण उद्दिष्ट मानले जाते आणि त्यातही वर्षाकाठी सुमारे सव्वापाच मिनिटांची खंडितता गृहीत धरलेली असते.

व्यवहारात वापरला जाणारा उपाय जुना आणि सरळ आहे. प्रत्येक संगणक ठराविक वेळाने 'मी चालू आहे' एवढाच निरोप पाठवतो. त्याला हार्टबीट म्हणतात. हार्टबीट किती वेळ आला नाही म्हणजे यंत्र गेले असे समजायचे, हा खरा प्रश्न आहे. प्रचंड फायली अनेक यंत्रांवर साठवणाऱ्या हडूप या प्रणालीत हार्टबीट दर ३ सेकंदांनी येतो, पण यंत्र मृत ठरवण्यापूर्वी मूळ मांडणीनुसार तब्बल साडेदहा मिनिटे वाट पाहिली जाते. एवढा धीर धरण्याचे कारण साधनसामग्रीच्या हिशेबात आहे. तिथे फायलीच्या प्रत्येक तुकड्याच्या सहसा ३ प्रती असतात. यंत्र मृत ठरले, की त्याच्यावरच्या सगळ्या तुकड्यांच्या नव्या प्रती इतरत्र करायला सुरुवात होते. निदान चुकले असेल, तर ही सगळी ने-आण फुकट जातेच, शिवाय तिच्या ओझ्याने इतर यंत्रे मंदावतात, त्यांचेही हार्टबीट उशिरा येऊ लागतात आणि धडधाकट यंत्रेही मृतांच्या यादीत जाण्याचा धोका निर्माण होतो.

उलट बाजूने, घाईने किती नुकसान होते याचा एक धडा २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळाला मिळाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाळ्यातले एक उपकरण बदलताना तिथल्या मुख्य माहिती केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. देखरेख करणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेने बहुमताने निर्णय घेऊन डेटाबेसचे प्रमुखपद, म्हणजे नव्या नोंदी लिहिण्याचा अधिकार, पश्चिम किनाऱ्याकडे दिले. पण पूर्वेची यंत्रे बंद पडलेली नव्हती. पश्चिमेला न पोहोचलेल्या काही नोंदी त्यांनी तेवढ्यात लिहून ठेवल्या होत्या. एकट्या एका गर्दीच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या गटात, अशा ९५४ नोंदी निघाल्या. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर एकमेकांकडे नसलेला मजकूर होता आणि तो निस्तरून सेवा पूर्ववत करायला २४ तास ११ मिनिटे लागली.

ठराविक मुदतीच्या या अडचणीवर जपानमधील नाओहिरो हायाशिबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेला उपाय मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी 'जिवंत की मृत' हा प्रश्नच बदलला आणि त्याजागी 'संशय किती' असे विचारले. प्रत्येक संगणक दुसऱ्याच्या मागच्या हार्टबीटांमधली अंतरे लक्षात ठेवतो आणि त्यांवरून हिशेब करतो, की आत्तापर्यंत जेवढा उशीर झाला आहे, त्याहूनही उशिरा हार्टबीट येण्याची शक्यता किती उरली आहे. ती शक्यता दहात एक असेल तर संशयाचा आकडा, म्हणजे 'फाय', १. शंभरात एक असेल तर २. हजारात एक असेल तर ३. ज्यांना शाळेतले लॉगरिदम आठवते त्यांच्यासाठी, शक्यतेच्या १० पायाच्या लॉगरिदमचे चिन्ह उलटे केले, की फाय मिळतो.

समजा, एका यंत्राचे हार्टबीट सरासरी १ सेकंदाने येतात, त्यांत ०.१ सेकंदाचे प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या चढउताराचे माप) आहे आणि अंतरांची विभागणी घंटेच्या आकाराच्या परिचित वक्राप्रमाणे आहे. मग १.१३ सेकंद उलटले, की फाय १ होतो, १.२३ सेकंदांना २, १.३१ सेकंदांना ३ आणि १.५६ सेकंदांना ८. आता दुसरे यंत्र लांबच्या, गजबजलेल्या जाळ्यावर आहे; सरासरी तीच, पण विचलन ०.४ सेकंद. त्याच्या बाबतीत फाय ८ व्हायला ३.२४ सेकंद लागतात. नियमित यंत्राबद्दल संशय लवकर येतो आणि अनियमित यंत्राला आपोआप अधिक सवलत मिळते. ही मुदत कोणा अभियंत्याने अंदाजाने भरलेली नसून यंत्राच्या स्वतःच्या वागण्यातून निघालेली असते. फेसबुकमध्ये तयार झालेल्या कॅसँड्रा या डेटाबेसने हीच कल्पना घेतली, मात्र घंटेच्या वक्राऐवजी घातांकी विभागणी वापरली. तिथे मूळ मर्यादा ८ आहे आणि सरासरी अंतर १ सेकंद धरल्यास ती गाठायला सुमारे १८ सेकंद लागतात. शिवाय एकाच आकड्यावर पायरीपायरीने निर्णय घेता येतात: फाय थोडा वाढला तर त्या यंत्राला नवे काम देऊ नये, आणखी वाढला तरच हातातले काम काढून घ्यावे.

संशय कितीही नेमका मोजला तरी तो चुकू शकतो, म्हणून चुकीच्या निदानाने नुकसान होणार नाही अशी तजवीजही लागते. कॅरी ग्रे आणि डेव्हिड शेरिटन यांनी १९८९ साली मांडलेली 'लीज' ही अशी तजवीज आहे. अधिकार कायमचा न देता मुदतीने द्यायचा. गूगलच्या जुन्या फाइल प्रणालीत ही मुदत ६० सेकंदांची होती. मुदत वाढवून मिळाली नाही, तर प्रमुख यंत्राने आपणहून थांबायचे, म्हणजे मुदत संपल्यावर दुसरा प्रमुख नेमणे सुरक्षित ठरते. परंतु एखादा प्रोग्राम मेमरीची साफसफाई करताना काही क्षण गोठतो आणि जागा झाल्यावर, मुदत संपल्याचे न कळता, अर्धवट राहिलेले लेखन पुढे चालू करतो. यासाठी प्रत्येक नव्या लीजला चढता क्रमांक देतात आणि साठवणूक करणारे यंत्र तो तपासते. त्याने एकदा ४२ क्रमांकाचे लेखन स्वीकारले, की ४१ क्रमांक घेऊन आलेली नोंद ते परत पाठवते. आणि मधल्या काळात आपल्याला मृत ठरवून दुसरा प्रमुख नेमला गेला आहे, हे जुन्या प्रमुखाला त्या नकारातूनच पहिल्यांदा कळते.