अमेरिकेच्या दारूबंदीत दारू पिणं गुन्हा नव्हता

जॅझच्या काळातल्या अमेरिकेत दारूचा घोट घेणाराही तुरुंगात जायचा, हा समज अजून पक्का आहे. पण १७ जानेवारी १९२० ला अमलात आलेल्या अठराव्या घटनादुरुस्तीने बंदी घातली ती मद्य बनवणं, विकणं, वाहतूक आणि आयात-निर्यातीवर. पिण्यावर नाही. आधीच घेतलेला साठा घरी ठेवून स्वतः प्यायला, पाहुण्यांना पाजायला ही बंदी राबवणाऱ्या केंद्रीय व्होल्स्टेड कायद्यात मुभा होती. काही राज्यांचे कायदे मात्र याहून कडक होते.

या मुभेचा फायदा कुणाला झाला, ते बघायला हवं. ऐपतदारांनी बंदीआधीच तळघरं भरून घेतली. १९२१ मध्ये पद सोडताना राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी आपला साठा वॉशिंग्टनमधल्या नव्या घरी हलवला. डॉक्टरची चिठ्ठी असली की औषधाच्या दुकानात व्हिस्कीही मिळायची, तीही कायदेशीर.

आता इलिनॉयमधलं हेरिन हे खाणकामगारांचं गाव घ्या. १९२३-२४ च्या हिवाळ्यात कू क्लक्स क्लॅन या कॅथलिक आणि स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी दारूबंदीच्या नावाखाली तिथल्या इटालियन स्थलांतरितांच्या घरांवर टोळ्यांनी छापे घातले. पुढाऱ्याचं नाव एस. ग्लेन यंग. जेवणाबरोबर वाइन घेणारी ही कॅथलिक कुटुंबं क्लॅनच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होती. कायदा सगळ्यांना एकच होता, दारं मात्र गरीब परक्यांचीच तोडली गेली. हा अन्याय ‘बंदीतली धमाल’ सांगणाऱ्या गोष्टींत येतच नाही.

५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या घटनादुरुस्तीने ही बंदी उठली.