पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील पशुवैद्यांची नोंदणी

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि तिथल्या दवाखान्यात जनावरे तपासणाऱ्या पशुवैद्याला व्यवसायाचा परवाना लागतो का, यासंबंधीच्या तरतुदी. भारतात राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे हाच परवाना. महाराष्ट्रात हे काम नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद पाहते.

या व्यवस्थेचा आधार म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. त्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणी नसलेल्याला सरकारी किंवा स्थानिक व अन्य प्राधिकरणाच्या संस्थेत पशुवैद्याचे पद धारण करता येत नाही, व्यवसाय करता येत नाही, जनावराच्या आरोग्याचा दाखला देता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. पशुधन पर्यवेक्षकांसारख्या पदविकाधारकांना किरकोळ उपचारांची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. प्राध्यापकांसाठी अशी कुठलीही खिडकी या कलमात ठेवलेली नाही.

कायदा रोखतो तो व्यवसाय, नुसते शिकवणे नव्हे. शरीररचनाशास्त्राचा अध्यापक फॉर्मॅलिनमधला म्हशीचा पाय दाखवून शिकवतो. त्याचा रुग्ण कधीच मेलेला असतो. शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकाच्या टेबलावर मात्र कुणाचीतरी दुभती गाय असते, आणि तिच्या मालकाला सर शिकवताहेत की उपचार करताहेत याच्याशी देणेघेणे नसते. विकृतिशास्त्रवाला या दोघांच्या मधला: त्याचाही रुग्ण मेलेलाच, पण विमा किंवा विषबाधेच्या प्रकरणात त्याच्या शवविच्छेदन अहवालावरून उद्या न्यायालयात उलटतपासणी होऊ शकते. एवढ्या बारीक वाटण्या करत बसण्यापेक्षा भरतीच्या जाहिरातींत नोंदणी सहसा सर्वच विषयांना मागतात, आणि ते शहाणपणाचे आहे.

मुंबईत १८८६ साली परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय (जुन्या मुंबईकरांचे ‘बैलघोडा’) प्राणिक्लेशनिवारक संस्थेचे. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष उपचार शिकले ते तिथेच. म्हणजे शिकवणारी संस्था एक आणि दवाखाना दुसऱ्याचा. परवाना संस्थेला चिकटलेला असता तर इथे पंचाईत झाली असती. भारतीय नोंदणी माणसाची असते, त्यामुळे फाटक ओलांडले तरी फरक पडत नाही. शिकाऊ मुलगा बकरीचे तोंड धरतो, तापमान घेतो, केसपेपर लिहितो. खाली सही लागते ती नोंदणी असलेल्याची. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीच्या साडेचार वर्षांनंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्यालाही तात्पुरती नोंदणी मिळते, कायमची पदवीनंतर. परराज्यातून आलेल्या अध्यापकाने नाव नव्या राज्याच्या परिषदेकडे वर्ग करून घ्यायचे असते.

अमेरिकेत प्रश्न उलट बाजूने येतो. तिथे परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते. त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. विद्यापीठांना तर घोड्याच्या शस्त्रक्रियेचा किंवा भूलशास्त्राचा तज्ज्ञ जगभरातून हवा असतो. परदेशी पदवीधराला, मग तो परळचा असो की नागपूरचा, पूर्ण परवान्यासाठी आधी समकक्षतेच्या परीक्षांची लांबलचक वाट चालावी लागते. म्हणून काही राज्यांनी अध्यापकांना सूट दिली, तर काहींनी मर्यादित परवाना काढला. टेक्साससारख्या राज्यात अध्यापकांसाठी ‘विशेष’ परवाना आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठात आणि वेस्टर्न युनिव्हर्सिटीत उपचार करणाऱ्यांना पूर्वी सूट होती. आता ‘विद्यापीठ परवाना’ घ्यावा लागतो. त्यासाठी राज्याच्या पशुवैद्यक कायद्यावरची परीक्षा द्यायची आणि त्या भागातल्या रोगांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. हा परवाना त्या नोकरीपुरता. विद्यापीठात घोड्याचे पोट उघडून आतडे सरळ करणाऱ्या प्राध्यापकाला एवढ्या कागदावर गावात स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही.