व्हिला कार्लोत्ता: हुकलेली खुर्ची आणि घडलेला संग्रह

उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराच्या पश्चिम काठावर, त्रेमेझ्झोला, व्हिला कार्लोत्ता हा बागेसह जुना वाडा आहे. आज तिथे झुंबड उडते ती एप्रिल-मेमधल्या अझेलियाच्या बहरासाठी. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या क्लेरिची घराण्याने ही वास्तू बांधली, तेव्हा मात्र भर फुलांवर नव्हता. इटालियन बाग म्हणजे सगळा आखीवरेखीव कारभार: डोंगरउतारावर दगडी टप्पे, दोन्ही अंगांनी चढणारे जिने, कातरून भिंतीसारखी केलेली झुडपं, कारंजं, पुतळे. पाहुणे होडीने येत, म्हणून मुख्य फाटक पाण्याकडे.

१८०१ मध्ये ही मालमत्ता जोव्हान्नी बात्तिस्ता सोम्मारिवाकडे आली आणि खरी गंमत सुरू झाली. नेपोलियनच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या सरकारातला हा बडा माणूस. पैसा त्याने रग्गड केला. कसा केला, याची कुजबुज तेव्हाही होतीच. त्याचा डोळा इटालियन प्रजासत्ताकाच्या उपाध्यक्षपदावर होता, पण १८०२ मध्ये ते फ्रान्चेस्को मेल्झीला मिळालं. वर मेल्झीने सरोवरापलीकडे बेल्लाजोला स्वतःचा व्हिला बांधला. खुर्ची गेली, आणि समोरच्या काठावर ती मिळवणाऱ्याचं घर! सोम्मारिवाने मग कलासंग्रहात नाव काढायचं ठरवलं असावं. शिल्पकार कानोव्हाची शिल्पं, चित्रकार हायेझचं रोमिओ-ज्युलिएटच्या अखेरच्या चुंबनाचं चित्र, असा ऐवज त्याने जमवला.

यातली डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसनची संगमरवरी शिल्पपट्टी बारकाईने पाहावी. विषय आहे अलेक्झांडरचा बॅबिलोनप्रवेश. ती मुळात नेपोलियनसाठी घडायची होती. त्याची सत्ता गेली आणि काम सोम्मारिवाने उचललं. मिरवणुकीच्या शेवटी शिल्पकाराबरोबर खुद्द सोम्मारिवाही उभा आहे. हौस बघा! पट्टी पुरी झाली १८२८ मध्ये; तो १८२६ मध्येच वारला होता.

१८४३ मध्ये ही मालमत्ता प्रशियाच्या (जर्मन राज्याच्या) राजघराण्यातल्या मारिआनेने विकत घेतली आणि पुढे लेकीला, शार्लोटला, लग्नात दिली. आजचं नाव या लेकीचं; कार्लोत्ता हे शार्लोटचं इटालियन रूप. १८५५ मध्ये ती गेली, जेमतेम तेवीस वर्षांची. नवरा, साक्स-मायनिंगन या जर्मन संस्थानचा गेओर्ग, याला वनस्पतींचा नाद होता. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन आणि परदेशी झाडांची आजची श्रीमंती बरीचशी त्याची. जुने जिने-टप्पे दर्शनी भागात तसेच राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन मालकी संपली. मालमत्ता इटालियन सरकारकडे गेली आणि १९२७ पासून स्वतंत्र संस्था तिचा कारभार पाहते.