शेजारच्या काकांना विकेट आधी कशी कळते?

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, त्यांच्याकडे डिश आहे आणि आमच्याकडे सगळं मोबाईलवर. मॅच असली की काका "गेला रे!" म्हणून ओरडतात तेव्हा माझ्या स्क्रीनवर बॉलर अजून बॉल पँटला घासत परत चाललेला असतो. म्हणजे विकेट मला आधी कानाने कळते आणि वीस-पंचवीस सेकंदांनी डोळ्याने. मला वाटायचं नेट स्लो आहे, म्हणून प्लॅन वाढवला, १०० एमबीपीएसचा ३०० केला, तरी काका पुढेच.

भानगड स्पीडची नाहीच मुळी. काकांचा सिग्नल जवळजवळ ३६,००० किलोमीटर वर सॅटेलाईटपर्यंत जातो आणि तेवढाच खाली येतो, त्याला पाव सेकंद लागतो, प्लस थोडे सेकंद प्रोसेसिंगचे. माझी मॅच अहमदाबादहून पुण्याला काचेच्या तारेतून (म्हणजे फायबरमधून) येते, काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे नुसता प्रवास बघितला तर काही मिलिसेकंदांचा. पण स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओ सलग धारेसारखा येतच नाही, त्याचे चार-सहा सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा आधी पूर्ण तयार व्हायला लागतो, मग फोन असे दोन-तीन तुकडे खिशात जमा करतो आणि मगच दाखवायला सुरुवात करतो, कारण मध्येच नेट अडखळलं तर ते गोल चक्र फिरायला नको. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हणजे तिथेच अठरा सेकंद गेले. मग तुकडे छोटे करा ना! करता येतात, ॲपलने २०१९ मध्ये त्याची पद्धतही आणली, दोन-तीन सेकंदांवर गाडी येते. पण तुकडे छोटे केले की दर सेकंदाला फोन मागणी करणार जास्त वेळा, आणि मागणारे किती आहेत ते बघा.

१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, वर्ल्ड कप फायनल. (त्या दिवसाचं बाकी काही आठवायचं नाहीये.) हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकदम बघत होते. प्रत्येकाला सरासरी फक्त २ एमबीपीएस धरा, फोनवर तेवढ्यात बरं दिसतं. गुणाकार केला तर ११८ टेराबिट दर सेकंदाला (एक टेराबिट म्हणजे दहा लाख मेगाबिट). अमेरिका आणि स्पेनच्या मध्ये अटलांटिकखालून टाकलेली मारेआ नावाची केबल आहे, ६,६०० किलोमीटरची, ती १६० टेराबिटसाठी डिझाईन केली होती. एका मॅचने तिचा पाऊण भाग खाल्ला असता.

आणि गंमत म्हणजे सगळ्यांना पाठवायचं काय, तर तीच मॅच. सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर आहे, त्याचा सिग्नल हवेत एकदा सुटला की पुण्यात एक टीव्ही असो की दहा लाख, टॉवरचं वीजबिल एक रुपयाने वाढत नाही. इंटरनेट मात्र पोस्टमनसारखं आहे, तेच पत्र ५.९ कोटी पाकिटांत घालून प्रत्येकाच्या दारात वेगळं नेऊन द्यायचं. फोनसाठी, ईमेलसाठी हे बेस्ट आहे, मॅचसाठी वेडेपणा आहे.

यावर उपाय वाण्याच्या दुकानाचा. प्रत्येकजण मार्केटयार्डात जात नाही, माल गल्लीत आणून ठेवतात. अकामाई नावाच्या कंपनीने १९९८ पासून हाच धंदा केला. नेटफ्लिक्स तर स्वतःचे डिस्क भरलेले डबे नेटवाल्या कंपन्यांच्या मशीनरूममध्ये नेऊन ठेवतं आणि ट्रॅफिक कमी असतं त्या वेळात गुपचूप भरून ठेवतं, त्यामुळे तुम्ही रात्री सिरीज लावता तेव्हा ती अमेरिकेहून येत नाही, बऱ्याचदा तुमच्याच शहरातून येते. पण उद्याची विकेट आज भरून ठेवता येत नाही! लाईव्हमध्ये तुकडा तयार झाल्याझाल्या लाखो फोन एकदम गल्लीतल्या सर्व्हरकडे तोच तुकडा मागतात. तो हुशार असेल तर पहिल्यालाच वर पाठवतो आणि बाकीच्यांना म्हणतो थांबा, आला की सगळ्यांना देतो. हुशार नसेल तर सगळी झुंबड वर मूळ सर्व्हरवर जाते आणि मग ट्विटरवर आपण सगळे मिळून शिव्या घालतो.

नुसता व्हिडिओ सांभाळून पण भागत नाही. १० जुलै २०१९, न्यूझीलंडविरुद्ध सेमीफायनल, हॉटस्टारवर २.५३ कोटी लोक ऑनलाईन, आणि धोनी रनआउट. लोकांनी काय केलं? बॅक दाबलं. कोट्यवधी लोकांनी एकदम बॅक दाबलं की सगळे ॲपच्या होम पेजवर येऊन पडतात, आणि होम पेज प्रत्येकाला वेगळं बनवून द्यावं लागतं, ते काय गल्लीत साठवलेलं नसतं. म्हणजे प्रेक्षक आले त्यापेक्षा ते गेले तेव्हा धोका जास्त. नवीन सर्व्हर चालू व्हायला वेळ लागतो, धोनी काय सांगून आउट होत नाही, म्हणून ते आधीच चालू करून तयार ठेवावे लागतात आणि गर्दीत "तुम्हाला हे पण आवडेल" वगैरे फालतू गोष्टी सरळ बंद करून टाकतात.

पुढे काय येणार म्हटलं की लोक ८के आणि गॉगल लावून बघायच्या गोष्टी सांगतात, मला त्याची एवढी भीती वाटत नाही, हाताएवढ्या स्क्रीनवर ८के कुणाला दिसणारे. खरा ताण वेगळीकडून येतोय. २०२३ च्या आयपीएलला १२ भाषा होत्या, त्यात मराठी पण होती (आणि मी तीच लावतो), वर वेगवेगळे कॅमेरे, आणि आता प्रत्येकाला त्याची त्याची जाहिरात. भाषा गुणिले कॅमेरे गुणिले क्वालिटी, म्हणजे वाण्याला एकाच तांदळाच्या शंभर गोण्या ठेवायला लागल्या आणि जाहिरातीच्या वेळी तर प्रत्येक गिऱ्हाईकाची पुडी वेगळी.

शेवटचे शंभर मीटर तर मी डोळ्याने बघितलेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या मॉडेमवर लाल लाईट लागली, फायबर तुटली होती. एक मुलगा आला, जिन्यात बसला, मांडीवर ते स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं मशीन. वरचं प्लॅस्टिक सोलून काचेचा तंतू स्पिरिटने पुसला, टक् करून कापला, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, स्क्रीनवर दोन जाड पट्ट्या दिसल्या, एक ठिणगी, आणि खाली आकडा आला ०.०२, म्हणजे जोडात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. "झालं दादा." तो तंतू १२५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि प्रकाश त्यातल्या मधल्या ९ मायक्रॉनमधून जातो. अशी काच आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ पण बनते, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

त्याने खालचा डबा उघडून दाखवला, त्यात स्प्लिटर, एक तार आत आणि ३२ बाहेर. बऱ्याच ठिकाणी अजून जीपॉन नावाची जुनी पद्धत आहे, म्हणजे त्या एका तारेत २.५ गिगाबिट, ते सगळ्यांत वाटून. ३२ घरांनी एकदम ओढलं तर प्रत्येकी ऐंशी एमबीपीएसच्या आत, ३०० चा प्लॅन कागदावर. १० गिगाबिटवाली नवीन पद्धत आली आहे पण त्यासाठी मॉडेम बदलावे लागतात. गंमत अशी की स्प्लिटर प्रकाश वाटतो तेव्हा सगळ्यांचा डेटा सगळ्यांच्या घरी येतोच, मॉडेम फक्त आपला तेवढा उचलतो. म्हणजे काचेत टॉवरसारखं एकदाच पाठवणं सहज शक्य आहे, तरी तीच मॅच ३२ वेळा वेगळी येते!

म्हणून आता उलटं वारं सुटलंय, परत टॉवरकडे. डायरेक्ट टू मोबाईल म्हणतात त्याला, आयआयटी कानपूर, चिप बनवणारी सांख्य लॅब्ज आणि प्रसार भारतीने मिळून बंगळुरू, दिल्ली, नोएडात ट्रायल घेतल्या. टीव्हीसारखा सिग्नल हवेतून थेट फोनमध्ये, सिम नको, डेटा नको, पाच कोटी बघोत नाहीतर पन्नास. अडचण एवढीच की फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप पाहिजे, फोनवाले म्हणतात खर्च वाढेल, आणि टेलिकॉमवाल्यांना आपल्याच फोनवर फुकटची मॅच चाललेली कशाला बघवेल. तोपर्यंत मी मॅच लागली की गॅलरीचं दार लावून घेतो, तरी काकांचा आवाज जिन्यातून येतोच.