हवामानाची उपमा (ख्रिस्ती क्षमा आणि मार्गदर्शन)

ऊन, पाऊस, ढग, वारा असल्या रोजच्या हवामानातून देवाची क्षमा आणि देवाचं मार्गदर्शन समजावून सांगायची ख्रिस्ती लोकांची जुनी रीत म्हणजे हवामानाची उपमा. बायबलमध्ये ती जागोजागी सापडते, आणि नागपुरात तर मे महिन्यात माणूस भेटला की "कसे आहात"च्या आधी "काय ऊन आहे बाप्पा" निघतं, तेव्हा प्रवचनात ती येणारच. इथली ख्रिस्ती मंडळी जुनी आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1840च्या दशकात इथे आले, सदर भागात कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्च-संघटना (पंथ) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेही नागपुरातच.

खरं तर क्षमेसाठी बायबलची नेहमीची उपमा कर्जाची आहे. प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत (बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाचा 6वा अध्याय) मराठीतसुद्धा "ऋण" हाच शब्द आहे, म्हणजे कोणीतरी देणं लागतो आणि कोणीतरी ते सोडून देतो. यात हिशेब आला, दोन पार्ट्या आल्या, आकडा आला. पावसाच्या उपमेत हे काहीच येत नाही. मत्तय 5:45 मध्ये येशू म्हणतो की देव आपला सूर्य वाइटांवरही उगवतो आणि चांगल्यांवरही, आणि पाऊस नीतिमान-अनीतिमान दोघांवर पाडतो, आणि हे तो "वैऱ्यांवर प्रीती करा" म्हटल्यावर लगेच म्हणतो. पाऊस कोणाचं खातं बघून पडत नाही. मला विचाराल तर क्षमेचा हा भाग कर्जाच्या उपमेपेक्षा इथे जास्त नीट कळतो, कारण ज्याने माफीही मागितली नाही त्याच्याही वावरात पाणी पडलेलं असतं.

क्षमा मिळाल्यावर काय होतं ते यशया हा जुन्या करारातला संदेष्टा सांगतो: तुझे अपराध मी ढगासारखे पुसून टाकलेत (44:22). एप्रिलमध्ये इकडे संध्याकाळी अचानक आभाळ येतं, वावधन सुटतं, धूळच धूळ, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीवर, आणि अर्ध्या तासाने सगळं साफ, जसं काही झालंच नव्हतं. त्याच यशयाच्या पहिल्या अध्यायात पातकं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील असं आहे, पण नागपुरात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडचा, त्यामुळे पांढरं म्हटलं की विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यासमोर पहिले कापूस येतो. ढगाची उपमा उलटीही फिरते बरं का, होशेय हा दुसरा संदेष्टा (6:4) देवाच्या वतीने लोकांनाच म्हणतो की तुमचं प्रेम सकाळच्या ढगासारखं आणि दवासारखं आहे, ऊन चढलं की गायब.

इफिसकरांस पत्रात (4:26) आहे की सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका. वाचायला सोपं. पण नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि असल्या दिवसांत सूर्य मावळून काही होत नाही, स्लॅब आणि भिंती दिवसभर प्यायलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतात, कूलर गरम हवाच फेकतो. म्हणून लोक संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. पहिली बादली ओतली की चर्र आवाज येतो आणि वाफेचा भपका थेट तोंडावर, दुसरी दोन मिनिटांत सुकून जाते, चौथ्या-पाचव्या बादलीनंतर कुठे पाय ठेवता येतो, आणि उद्या परत तेच. आमच्या गल्लीत दोन भाऊ एका भिंतीवरून आठ वर्षं बोलत नव्हते, मग बोलायला लागले, तरी पहिल्या वर्षी दर सणाला एकदा भांडण व्हायचंच. पेत्र या शिष्याने "सात वेळा क्षमा करू का" विचारल्यावर येशूने साताच्या सत्तर पट सांगितलं ते (मत्तय 18) मला या गच्चीवरच कळलं, प्रवचन ऐकून नाही.

आता मार्गदर्शन. इथे मुख्य गोष्ट मेघस्तंभाची: मिसर देशातून निघालेल्या इस्राएली लोकांपुढे दिवसा ढगाचा खांब आणि रात्री अग्नीचा खांब चालायचा (निर्गम 13). बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात बारकावा असा की ढग उठला तर निघायचं, थांबला तर तंबू ठोकायचा, मग तो दोन दिवस थांबो, महिनाभर थांबो की वर्षभर. फोरकास्ट नाही! आपल्याला मोबाईलवर पाच दिवसांचा अंदाज लागतो, ऑरेंज सिटीला ऑरेंज अलर्ट आला की ग्रुपवर जोक फिरतात, पण तो ढग फक्त आजचं सांगत होता. लूकच्या बाराव्या अध्यायात तर येशू लोकांना झापतो की पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार आणि दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार हे तुम्हाला कळतं, मग हा काळ का ओळखता येत नाही. तिकडे पश्चिमेला भूमध्य समुद्र आणि दक्षिणेला वाळवंट, म्हणून ते ठोकताळे. नागपूरला पावसाळ्यात मोठा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे म्हणजे पूर्वेकडून येतो, तेव्हा दिशा जशीच्या तशी इथे लावू नये.

अशीच गंमत "आगोटीचा व वळवाचा पाऊस" या मराठी बायबलमधल्या शब्दांची. आपल्याकडे वळीव आधी, एप्रिल-मेमध्ये, आणि आगोट मृगाच्या सुमारास. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीला आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरायला, उन्हाळा पूर्ण कोरडा. शब्द आपले पण क्रम त्यांचा. याकोबाच्या पत्रात (5:7) शेतकरी या दोन्ही पावसांसाठी धीर धरतो म्हटलंय ते म्हणजे पूर्ण हंगामभराचा धीर, वळवानंतर पंधरा-वीस दिवस आभाळाकडे बघण्याचा नव्हे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात: हिब्रूत "रूआह" आणि ग्रीकमध्ये "न्यूमा" या शब्दांचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिन्ही होतो, त्यामुळे योहान 3:8 मधला "वारा पाहिजे तिकडे वाहतो" हा मूळ भाषेत श्लेषच आहे. आणि एलीया या संदेष्ट्याला देव सोसाट्याच्या वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, नंतरच्या शांत मंद वाणीत भेटला (1 राजे 19).

उपमेची अडचणही सांगितली पाहिजे. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो पण पाणी सगळ्यांकडून सारखं ओसरत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, बंगलेवालेही बुडाले आणि झोपडीवालेही, पण चिखल काढून गाडी दुरुस्तीला टाकणं वेगळं आणि पीठ-मीठापासून सुरुवात करणं वेगळं. तेव्हा पुराला कोणी देवाची शिक्षा म्हणायला लागलं तर त्याला मत्तय 5:45 च दाखवावं, तिथे पाऊस निवाडा करत नाही.

हिस्लॉप स्वतः पाण्यातच गेले. मिशनरी असून ते भूगर्भाचेही अभ्यासक होते, नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करायचे. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघायला गेले आणि परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडाले. 1883 साली सुरू झालेलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं, आणि टाकळघाट आजही बुटीबोरीजवळ आहे.