मुंबईत स्थानिक इतिहासाचे भित्तिचित्र : परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

आपल्या वस्तीतील माणसांचा आणि घटनांचा इतिहास तिथल्याच एखाद्या भिंतीवर रंगवून घ्यावा, अशी इच्छा असणारी मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि शाळा मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांपैकी बरेच जण आधी चित्राचा आराखडा तयार करतात, तो घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात जातात आणि भिंत नेमकी कोणाची, हा प्रश्न तिथे गेल्यावर त्यांच्यापुढे उभा राहतो. प्रशासनाच्या लेखी हा अर्ज मुळात भिंतीचा असतो; चित्र त्या अर्जाचे एक सहपत्र असते. भिंतीचा मालक बदलला की अर्ज कोणाच्या नावे करायचा, सोबत काय जोडायचे आणि किती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, हे सारे बदलते. म्हणून इथेही सुरुवात भिंतीपासूनच केली आहे.

परवानगी कशासाठी लागते

महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ या कायद्यानुसार सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागेचे विद्रूपण करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, २,००० रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या संस्थेच्या कुंपणभिंतीला कोणाची परवानगी कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही सार्वजनिक दृष्टीस पडणारी असते, हे ध्यानात घ्यावे. चित्र सुंदर आहे की विद्रूप, हा वाद पोलीस चौकीत घालण्यापेक्षा मालकाचे लेखी संमतिपत्र आणि विभाग कार्यालयाचे पत्र हाताशी असणे केव्हाही बरे. काम सुरू असताना या दोन्ही कागदांच्या प्रती परांचीजवळ ठेवाव्यात, कारण विचारणा होते ती रंगाऱ्याकडे, आणि अर्जदार त्या वेळी बहुधा कामावर गेलेला असतो.

भिंत कोणाची

मालकीचा प्राथमिक पुरावा म्हणजे नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक. त्याची डिजिटल स्वाक्षरी असलेली प्रत शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून काढता येते. त्यासाठी नगर भूमापन क्रमांक ठाऊक असावा लागतो. मात्र पत्रक जमिनीचा मालक सांगते. भिंत बांधली कोणी आणि तिची डागडुजी कोण करते, हे जागेवर जाऊन विचारावे लागते. मुंबईत हे दोघे वेगळे असणे नवलाचे नाही.

सेनापती बापट मार्गावरील, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या तुळशी पाईप रोडवरील लांबलचक भिंत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. रस्ता महापालिकेचा, भिंतीपलीकडे रूळ पश्चिम रेल्वेचे. २००९ मध्ये याच भिंतीवर नागरिकांनी आणि कलावंतांनी मोठ्या प्रमाणावर चित्रे काढली होती. रेल्वेच्या हद्दीतील भिंतीसाठी त्या त्या विभागाच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करावा लागतो. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाचे कार्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे, तर पश्चिम रेल्वेचे मुंबई सेंट्रल येथे आहे. वांद्रे रेक्लमेशनच्या एमटीएनएल इमारतीवर २०१४ साली साकारलेले दादासाहेब फाळके यांचे उत्तुंग चित्र सरकारी कंपनीच्या भिंतीवर आहे. चर्चगेटला ब्राझीलचे कलावंत एदुआर्दो कोब्रा यांनी रंगवलेले महात्मा गांधी रेल्वेच्या इमारतीवर आहेत. उड्डाणपुलाचा खांब महापालिकेचा, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए) किंवा रस्ते विकास महामंडळाचा असू शकतो. गोदी परिसरात मुंबई बंदर प्राधिकरणाला आणि म्हाडा वसाहतीत म्हाडाला विचारावे लागते.

प्रस्तुत लेखकाने गिरणगावातील एका मंडळासाठी पादचारी पुलालगतच्या भिंतीचा अर्ज केला होता. सात आठवड्यांनी उत्तर आले, ते एका ओळीचे : ‘सदर भिंत या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ ती कोणाच्या अखत्यारीत येते, हे मात्र पत्रात नव्हते. तेव्हापासून अर्जाच्या शेवटी एक वाक्य आम्ही न चुकता घालतो : ‘सदर भिंत आपल्या अखत्यारीत नसल्यास हा अर्ज संबंधित कार्यालयाकडे हस्तांतरित करून तसे आम्हांस कळवावे.’

अर्ज कोण करू शकतो

भिंतीचा मालक स्वतः, किंवा त्याचे लेखी संमतिपत्र असलेली कोणतीही व्यक्ती अथवा संस्था अर्ज करू शकते. व्यवहारात नोंदणीकृत संस्थेचा अर्ज लवकर पुढे सरकतो, कारण हमीपत्रावर सही कोणाची, या प्रश्नाला तिथे ठाम उत्तर असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास, नोंदणीकृत सोसायटी, सहकारी गृहनिर्माण संस्था, शाळा किंवा महाविद्यालय यांपैकी कोणीही चालेल. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाने अशा एखाद्या संस्थेमार्फत अर्ज करावा. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे पत्र जोडावे.

गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत सचिवाची एकट्याची सही पुरत नाही, असे धरूनच चालावे. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि त्यात भिंतीची दिशा, आकार, कालावधी आणि खर्च स्पष्ट लिहावा. उदाहरणार्थ : ‘इमारतीच्या पूर्वेकडील खिडक्या नसलेल्या भिंतीवर, जमिनीपासून १० फुटांच्या वर, ३० फूट रुंद व ४० फूट उंच भित्तिचित्र काढण्यास ही सभा पाच वर्षांसाठी संमती देत आहे. खर्चाचा कोणताही भार संस्थेवर राहणार नाही.’ नुसते ‘भित्तिचित्रास मंजुरी’ असे लिहिलेला ठराव पुढे दोन सभासदांच्या भांडणात दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

अर्ज आणि सहपत्रे

महापालिकेच्या भिंतीसाठी अर्ज संबंधित प्रशासकीय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करावा. दादर, माहीम, धारावीसाठी जी उत्तर, वरळी व प्रभादेवीसाठी जी दक्षिण, लालबाग-परळसाठी एफ दक्षिण, काळबादेवीसाठी सी, याप्रमाणे विभाग ठरतो. अर्ज टपाल शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

अर्जासोबत अर्जदाराचे ओळखपत्र, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक, मालकाची संमती किंवा ठराव, भिंतीची सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे, मोजमापासह स्थाननकाशा, भिंतीच्या छायाचित्रावर चित्र बसवून दाखवलेला रंगीत आराखडा, कलावंताची माहिती, कामाचे वेळापत्रक आणि देखभालीचे हमीपत्र जोडावे. परांची पदपथावर किंवा रस्त्यावर येणार असेल, तर वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्र लागते. उंचीवर काम करणाऱ्यांचा अपघात विमा आणि सेफ्टी बेल्टची व्यवस्था यांचा उल्लेखही अर्जात हवा. शुल्क किंवा अनामत कार्यालयाने लेखी कळवल्यावरच भरावी आणि पावती घ्यावी.

इमारत वारसा यादीत आहे का, हे आराखडा करण्याआधी पाहावे. तशी असल्यास किंवा ती वारसा परिसरात मोडत असल्यास प्रकरण मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जाऊ शकते. श्रेणी एकच्या, म्हणजे वारसा यादीतील सर्वोच्च श्रेणीच्या वास्तूच्या दर्शनी भागावर रंगकामाचा विचारच करू नये. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तूंचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे, तेव्हा तिथली मोकळी दिसणारी भिंतही सहज हाती येणार नाही.

चेहरे आणि इतिहास

अर्जातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असतो, आणि नंतरच्या तक्रारी येतात त्याही येथूनच. चित्रात हयात व्यक्ती असेल, मग ती कोळीवाड्यातील मासळी विकणारी मावशी असो की चाळीतील निवृत्त गिरणी कामगार, तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि सही घेण्यापूर्वी आराखडा तिला दाखवावा. एका आजींनी आराखडा पाहून पहिल्यांदा विचारले होते, ‘माझी नथ कुठे गेली?’ आराखडा कार्यालयात जाण्याआधी ती नथ नाकात आली, म्हणून सगळे निभावले. दिवंगत व्यक्तीच्या बाबतीत कुटुंबीयांचे पत्र जोडावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीविषयीचे चित्रण किंवा मजकूरही बदनामी ठरू शकतो.

ऐतिहासिक प्रसंगासाठी एक पानाची टिपणी आणि त्यामागचे पुरावे द्यावेत. समजा, काळबादेवीत बाबू गेनू सैद यांचे चित्र काढायचे आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड नेणारा ट्रक अडवताना या गिरणी कामगार तरुणाने प्राण दिले, एवढे लिहून भागत नाही. चित्रातला ट्रक १९३० सालचा दिसला पाहिजे, पोलिसांचा गणवेश त्या काळचा हवा, दुकानांच्या पाट्यांवरची लिपी आणि अक्षरवळण त्या रस्त्यावर तेव्हा असू शकेल असे हवे. कलावंताला संदर्भ दिला नाही तर तो त्याला ठाऊक असलेला ट्रक काढतो, आणि तो बहुधा साठ-सत्तरच्या दशकातला असतो. असे संदर्भ राज्य पुराभिलेखागारात, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शोधता येतात. वस्तीतल्या जुन्या लोकांच्या पेटाऱ्यांतले फोटोही तेवढेच मोलाचे, मात्र त्यांच्यामागे तारीख कोणी लिहिलेली नसते.

छायाचित्रावरून चित्र काढायचे असेल, तर त्याचा स्वामित्वहक्क तपासावा. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची त्याच वर्षी छापून आलेली छायाचित्रे या हिशेबाने २०४२ सालअखेरपर्यंत संरक्षित आहेत. ती वापरायची तर छायाचित्रकाराची किंवा वृत्तपत्राची लेखी परवानगी लागेल.

प्रायोजक आणि जाहिरात

प्रायोजकाचे बोधचिन्ह कोपऱ्यात लहान असेल तोवर ते श्रेयनामावलीत खपते. ते नजरेत भरू लागले की चित्राची जाहिरात होते, आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८-अ खाली अनुज्ञापन विभागाची परवानगी व शुल्क यांचा प्रश्न येतो. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांची नावे किंवा चित्रे व्यापारी हेतूने वापरण्यावर बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० नुसार निर्बंध आहेत. त्यामुळे महाराजांच्या चित्राखाली सिमेंट कंपनीचे नाव झळकवण्याचा मोह टाळावा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) कला व वारसा या कामांसाठी कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीनुसार वापरता येतो. निधी घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते.

भिंतीची प्रकृती आणि हंगाम

तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र लागते. ते संस्थेकडे असेल तर त्याची प्रत जोडावी. धोकादायक ठरवलेल्या इमारतीवर परांची बांधू नये. भिंतीला लोणा लागला असेल, प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा वरच्या मजल्याच्या गळतीची ओल उतरत असेल, तर आधी दुरुस्ती, मग नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस, त्यानंतर प्रायमर. ओल्या भिंतीवर काढलेल्या चेहऱ्याचे पहिल्याच पावसात पोपडे निघतात आणि ज्यांच्या सन्मानासाठी खटाटोप केला त्यांचीच विटंबना होते. अर्ज पावसाळ्यातच करावा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या काळात काम हाती घेता येते. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल, तर राजकीय व्यक्तींचा समावेश असलेल्या चित्राचे वेळापत्रक त्याप्रमाणे सरकवावे.

कलावंताशी करार

मानधन, रंगसाहित्य, विमा यांबरोबर चित्राचे हक्क कोणाकडे राहतील, हे करारात लिहावे. हक्क हस्तांतरित करायचे असल्यास तसा लेख लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती कायद्याने पाच वर्षे धरली जाते. हक्क दिल्यानंतरही चित्राची मोडतोड किंवा विद्रूपीकरण झाल्यास आक्षेप घेण्याचा कलावंताचा विशेष अधिकार स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५७ नुसार कायम राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. मुंबईत हे कलम आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे : आज चित्र असलेली इमारत उद्या पुनर्विकासाला जाते. तेव्हा ‘पुनर्विकास, दुरुस्ती किंवा पाडकाम झाल्यास संस्थेने कलावंतास ६० दिवस आधी लेखी कळवावे व छायाचित्रण करू द्यावे’ असे कलम आधीच घातलेले बरे.

काम पूर्ण झाल्यावर भिंतीची छायाचित्रे, परांची उतरवल्याचा दिनांक आणि पदपथ पूर्ववत केल्याचे पत्र परवानगी देणाऱ्या कार्यालयात आवक करावे; अनामत परत मिळण्यासाठी मूळ पावती आणि हेच पत्र लागते. चित्राखालच्या पाटीवर व्यक्तीचे पूर्ण नाव, प्रसंगाचे वर्ष, कलावंताचे नाव आणि देखभाल करणाऱ्या संस्थेचे नाव मराठीत लिहावे, आणि ती पाटी रंगवण्याआधी शुद्धलेखनासाठी कोणातरी जाणकाराच्या नजरेखालून घालावी.