केजे पद्धत

केजे पद्धत म्हणजे निरीक्षणे, मुद्दे आणि सुचलेल्या कल्पना सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून, त्या चिठ्ठ्या टप्प्याटप्प्याने एकत्र आणत त्यांतून नवा विचार व त्याची मांडणी शोधण्याची लेखनाधारित रीत. जपानी मानवशास्त्रज्ञ कावाकिता जिरो (१९२०–२००९) यांनी ती घडवली. जपानी प्रथेप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणून ‘केजे’. नेपाळमधील क्षेत्राभ्यासातून जमणाऱ्या, कोणत्याच साच्यात न बसणाऱ्या टिपणांचे करायचे काय, या अडचणीतून ती आकाराला आली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हास्सोहो’ या पुस्तकामुळे ती जपानभर पोहोचली. डोंगराळ नेपाळी गावांत पिण्याचे पाणी आणि दोरमार्ग आणणाऱ्या, गावकऱ्यांना सहभागी करून घेतलेल्या कामासाठी कावाकितांना १९८४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कामाला आधी एक प्रश्न ठरवून तो कागदावर ठळक लिहितात. मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि तीही पूर्ण वाक्यात. ‘पाणी’ किंवा ‘महिलांचे प्रश्न’ अशी चिठ्ठी पुढे कुठेही चिकटते, म्हणून निरुपयोगी. ‘नळाला पाणी पहाटे चारला येते’ ही कामाची. एकट्याने प्रथमच करणाऱ्याला चाळीस-पन्नास चिठ्ठ्या पुरतात. शंभराच्या पुढे गेल्यास टेबल सोडून जमिनीवर बसावे लागते, आणि एका बैठकीत काम उरकत नाही.

सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून पसरतात आणि दोन-तीनदा सावकाश वाचतात. वाचता वाचता ज्या दोन-तीन चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळच्या वाटतील त्या शेजारी ठेवायच्या. पहिल्या फेरीत एका गटात पाचांहून अधिक चिठ्ठ्या जमल्या, तर बहुधा जवळीक न पाहता विषयवारी लावली गेली आहे. नवशिक्यांचे काम सर्वांत जास्त बिघडते ते इथेच: ‘आर्थिक’, ‘सामाजिक’, ‘शैक्षणिक’ असे कप्पे डोक्यात आधीच तयार असतात आणि चिठ्ठ्या त्यांत टाकल्या जातात. असे केल्यावर हाती येते ते आधीच ठाऊक असलेले. कुठेच न बसणारी एकांडी चिठ्ठी तशीच राहू द्यावी. ती पुढच्या फेरीत जागा शोधते, आणि कधी कधी सगळ्या मांडणीची किल्ली तीच ठरते.

प्रत्येक गटाला वेगळ्या रंगात एक शीर्षचिठ्ठी लिहितात. हा सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी टप्पा. ‘नळाला पाणी पहाटे चारला येते’, ‘टँकरच्या दिवशी मोठी मुलगी शाळेत जात नाही’ आणि ‘लग्नाची तारीख ठरवताना पाण्याची पाळी बघतात’ या तिघींवर ‘वेळापत्रक’ असे लिहिले, तर काहीच हाती लागत नाही. ‘घरातले दिवस पाण्याच्या वेळेवर बेतले जातात’ असे लिहिले, की तिघींतल्या एकीतही नसलेले विधान तयार होते. नवी कल्पना सहसा याच जागी जन्मते. त्यानंतर गटाला क्लिप किंवा रबरबँड लावून तो एकच चिठ्ठी समजायचा आणि पुन्हा तीच फेरी करायची. साधारण दहाच्या आत गठ्ठे उरले की थांबतात.

उरलेले गठ्ठे मोठ्या कागदावर अर्थपूर्ण अंतर राखून मांडतात, मग उघडून चिकटवतात. भोवती कडी काढून कारण, विरोध, परस्परावलंबन अशी नाती बाणांनी दाखवतात. हे चित्र म्हणजे ‘अ’ प्रकार. चित्रातल्या एका टोकापासून निघून सगळे गट ओघाने जोडणारा सलग मजकूर लिहिणे, हा ‘ब’ प्रकार. पुष्कळ जण चित्रावरच थांबतात. पण बाण काढणे सोपे असते. तोच बाण वाक्यात लिहायला घेतला की ‘म्हणून’ म्हणावे की ‘तरीही’, हे ठरवावे लागते आणि कच्चे दुवे उघडे पडतात. तसे झाल्यास चित्राकडे परतून गठ्ठा हलवतात.

जपानी उद्योगांतील गुणवत्ता-व्यवस्थापनाने या पद्धतीवरून बेतलेली आत्मीयता-आकृती (ॲफिनिटी डायग्राम, म्हणजे जवळच्या मुद्द्यांचे गट दाखवणारे चित्र) स्वीकारली, आणि चिकटचिठ्ठ्या भिंतीवर लावण्याची आजची कार्यशाळांतील पद्धत त्याच वळणाची आहे. तिथे बहुधा एकच फेरी होते, शीर्षके एकशब्दी असतात आणि ‘ब’ प्रकार गळतो. संगणकाच्या पडद्यावरही हे काम करता येते. मात्र सगळ्या चिठ्ठ्या एका नजरेत वाचता येतील इतका पडदा मोठा हवा.